गोळेश्वरचा ऑलिंपिकवीर

स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवले ते २३ जुलै १९५२ रोजी, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे. फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलो वजनाच्या आत, कांस्यपदक जिंकणारे ते मल्ल सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यातले होते. खाशाबा दादासाहेब जाधव हे त्यांचे नाव. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडवर सहा गोल चढवले, त्यातले पाच एकट्या बलबीरसिंगांचे होते, आणि देशाला सुवर्णपदक मिळाले. हॉकीचे सुवर्ण ही तोवर देशाच्या सवयीची गोष्ट झाली होती. सवयीच्या गोष्टीचाही जल्लोष होतोच. त्या जल्लोषात एका लहान चणीच्या मल्लाचे कांस्यपदक जे मागे पडले, ते पुढे कित्येक वर्षे मागेच राहिले. १९०० सालच्या पॅरिस स्पर्धेत नॉर्मन प्रिचर्ड यांना मिळालेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर लावली जातात, त्यावर वाद आहे. खाशाबांच्या पदकाबाबत वादाला जागा नाही. त्या पदकाचे पुढे काय केले, हा प्रश्न मात्र उरतोच.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कृष्णा आणि कोयनेच्या संगमावर वसलेल्या कराडच्या परिसरात तालीम नसलेले गाव त्या काळी शोधावे लागले असते. वडील दादासाहेब स्वतः कसलेले मल्ल होते आणि पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. पहिले डाव त्यांनी वडिलांकडूनच घेतले. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले ते १९४० ते १९४७ या काळात. साताऱ्यात तेव्हा बेचाळीसच्या चळवळीचा आणि पाठोपाठ प्रतिसरकारचा जोर होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोहोचवणे अशी कामे विद्यार्थिदशेतील खाशाबांनी केल्याचे सांगितले जाते. त्या वयातील सातारच्या पोरांना ही कामे काही परकी नव्हती.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची व्यवस्था लावली. महाराज गेले तरी ती हवा टिकून होती. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची तयारी झाली. परंतु कोल्हापूरच्या डोळ्यांना सवय होती ती भरदार छातीच्या, मांडीवर थाप पडली की मैदान दुमदुमावे अशा मल्लांची. साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंचीचा हा सडपातळ विद्यार्थी पैलवान वाटावा असा नव्हताच. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी थेट प्राचार्य खर्डेकरांकडे दाद मागितली. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून मोठ्या अंगाच्या मल्लांना लोळवले. प्राचार्य आणि विद्यार्थी यांचे हे नाते पुढे चार वर्षांनी या कथेत निर्णायक ठरले.

खाशाबांची कुस्ती ताकदीपेक्षा चपळाईची होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घेऊन कमरेच्या हिसक्याने त्याला हवेतून जमिनीवर आणायचे, यात क्षणाचा उशीर झाला की डाव आपल्याच अंगावर उलटतो. पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे टोपणनाव मिळाले, ते त्यांच्या चणीला आणि वेगाला धरूनच होते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. संस्थाने विलीन होण्याच्या त्या दिवसांत दरबाराने कुस्तीसाठी केलेल्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी हे एक म्हणावे लागेल. लंडनला पोहोचल्यावर खाशाबांसमोर पहिला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो माणूस नव्हता, ती गादी होती.

मातीतल्या आणि गादीवरच्या कुस्तीतील फरक शहरी वाचकाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ नाही. तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. ती अंगाला चिकटते, घामाने निसटणारी पकड घट्ट करते, पाय रुतू देते. मातीत मल्ल सावकाश, एकमेकांचा अंदाज घेत लढतो. निकाल एकच, चितपट. दोन्ही खांदे जमिनीला लागले की कुस्ती संपली, नाही लागले तर तास उलटला तरी चालू. गादीवर पाय रुतत नाही, घसरतो. घामेजलेल्या अंगावर मातीची पूड नसते. वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळेत चितपट झाली नाही तर कोणी अधिक आक्रमण केले, कोणी प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणले, यावर पंच निर्णय देतात. म्हणजे न हरणे पुरेसे नसते, सतत काही ना काही करीत राहावे लागते. जन्मभर मातीत लढलेल्या माणसाने बावीसाव्या वर्षी हे सारे नव्याने शिकायचे, तेही स्पर्धा तोंडावर आलेली असताना.

लंडनमध्ये अमेरिकेचे माजी जगज्जेते मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना सराव दिला. मॅटवरची लढत, तिचे नियम, वेळेचा हिशेब या गोष्टी खाशाबांना अशा गुरूकडून प्रथमच मिळाल्या. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवून प्रेक्षकांना चकित केले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही नमवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांची वाटचाल थांबली. अखेरच्या क्रमवारीत त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीशी पहिलीच ओळख झालेल्या मल्लाच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्य होती. खाशाबांनी स्वतः ती तशी मानली नाही. परतल्यावर पुढील चार वर्षे ते वरच्या वजनगटाची आणि गादीच्या कुस्तीची तयारी करीत राहिले.

१९५२ साल उजाडले तेव्हा दरबार उरला नव्हता. आधी अडचण आली ती निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली. महाराज खेळाचे जाणकार; त्यांनी चाचणी लढतीची व्यवस्था केली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपली जागा मिळवली. निवड झाली, परंतु हेलसिंकीला जाण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तसाच होता. राज्य सरकारकडे मदतीसाठी अर्ज-विनंत्या झाल्या. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडूनही हाती काही लागले नाही, असे सांगितले जाते. मग कराड-कोल्हापूरच्या लोकांनीच हात सैल केले. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, गावकऱ्यांनी जमेल तसे पैसे दिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार रुपये ही त्या काळात लहानसहान रक्कम नव्हे. एका महाविद्यालयाच्या प्राचार्याने, कुठलीही हमी नसताना, एका विद्यार्थ्याच्या खांद्यांवर आपले छप्पर ठेवले. भारतीय क्रीडा इतिहासात प्रायोजकाचे असे दुसरे उदाहरण शोधणे कठीण आहे. कोल्हापूरचेच केशव मांगवे हेही त्या वेळी फेदरवेट गटासाठी हेलसिंकीला गेले आणि चौथे आले. एका पायरीने त्यांचे पदक हुकले. एका शहराच्या तालमींतून गेलेले दोन मल्ल जगातील पहिल्या चारांत आले, ही गोष्ट आज कोल्हापुरातही फारशी कोणाला आठवत नाही.

हेलसिंकीच्या मेसुहाली या सभागृहात कुस्तीच्या लढती झाल्या. त्या वेळची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट उमगत नाही. तेव्हा आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. मल्लाच्या नावावर उणे गुण चढत. चितपट विजयाला काही नाही, पंचांच्या निर्णयावरच्या विजयाला एक, पराभवाला तीन. पाच गुण झाले की मल्ल बाहेर. त्यामुळे एक पराभव पचवता येई, दोन नाही. आणि चितपट विजयाची किंमत सर्वांत मोठी असे. मातीतून आलेल्या मल्लाला हा हिशेब सोयीचाच होता.

पहिल्या लढतीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट केले. त्याला १४ मिनिटे २५ सेकंद लागले. लढतीची मर्यादा १५ मिनिटांची होती, म्हणजे शेवटच्या क्षणांपर्यंत त्यांनी पाठलाग सोडला नाही. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्यांनी ५ मिनिटे २० सेकंदांत लोळवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झविरुद्धची लढत पंचांच्या निर्णयावर गेली आणि ती खाशाबांच्या बाजूने लागली. आता ते पदकाच्या टप्प्यात होते.

पुढे उभा होता जपानचा शोहाची इशी. इशी मूळचा ज्युदोपटू. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या ताब्यातील जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. दोघेही आपापल्या देशी परंपरेतून गादीवर आलेले होते. लढत दीर्घ आणि दमछाक करणारी झाली. निर्णय इशीच्या बाजूने गेला. त्यानंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढण्यासाठी बोलावण्यात आले. नियमानुसार दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. तो नियम पंचांपुढे मांडायला भारतीय पथकातील कोणीही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगानेच खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. एक अधिकारी जागेवर असता तर ती मिळाली असती, एवढे खरे.

गावी परतण्याचा प्रसंग कराडकरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितला आहे. कराड रेल्वे स्थानकावर त्यांना घ्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल यांच्या गर्दीत ती मिरवणूक गोळेश्वरला पोहोचायला सात तास लागले. एरवी तो पंधरा मिनिटांचा रस्ता. सरकारी स्वागताची उणीव गावाने अशी भरून काढली. खाशाबांच्या डोक्यावर मात्र कर्ज होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेले पैसे खर्डेकरांच्या हवाली करून त्यांचे घर सोडवले. खानदेशात पारोळ्यापासून चाळीसगावपर्यंत गावोगावच्या यात्रांत दंगलीच्या इनामावर मल्लांचे वर्षाचे गणित चालत आले आहे; कोल्हापूरकडे त्यालाच मैदान म्हणतात. ऑलिंपिक पदकविजेत्याने त्याच इनामाच्या पैशांतून ऑलिंपिकचा प्रवासखर्च फेडावा, असे मात्र अन्यत्र घडल्याचे ऐकिवात नाही.

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिक होते. तिसऱ्यांदा जाण्याची उमेद होती, वयही तिशीचेच होते. गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न संपवले. ऐन उमेदीत गुडघा गेला की मल्लाची ढाक जाते, पट जातो, उरते ते ज्ञान. खाशाबांनी ते पोलीस दलात वाटले. पोलिसांच्या स्पर्धांत ते स्वतः जिंकले, नंतर क्रीडा प्रशिक्षक म्हणून दलातील मल्ल त्यांनी घडवले. एरवी ते गणवेशातले एक अधिकारी होते, बंदोबस्त आणि तपास करणारे. सोबतचे कित्येक जण पुढे गेले, यांची बढती रेंगाळत राहिली. साहाय्यक पोलीस आयुक्तपद त्यांच्या वाट्याला आले ते सेवेच्या अगदी अखेरीस. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले.

येथे थोडे थांबून जपानकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हेलसिंकीत संपूर्ण जपानला एकच सुवर्णपदक मिळाले, ते इशीचे. कुस्तीचे पहिले दिवस तिथेही ज्युदोच्या सावलीत गेले होते. परंतु इचिरो हात्ता यांच्यासारख्या ज्युदोतून आलेल्या माणसाने राष्ट्रीय कुस्ती संघटना हाती धरली आणि ती अनेक दशके सोडली नाही. बारा वर्षांनी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके घेतली. त्याच बारा वर्षांत भारताने खाशाबांच्या अनुभवाचे काय केले? गादीवर जगातल्या पहिल्या तिघांत आलेला, मातीतला डाव गादीवर कसा बसवायचा हे स्वतःच्या अंगाने शिकलेला भारतीय मल्ल पोलीस दलातल्या मल्लांपुरता प्रशिक्षक राहिला. दोष एका खात्याचा नव्हे. पदक मिळाले म्हणजे काम संपले, अशी त्या काळची समजूत होती. पदकापासून काम सुरू होते हे कोणाच्या लक्षात आले नाही.

महाराष्ट्रात कुस्ती मागे पडली असेही नाही, उलट तिला बरे दिवस होते. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर यांनी सुवर्णपदके आणली. परंतु राज्यातील मल्लाची खरी भूक मैदानाची आणि गदेची राहिली. लाखांची गर्दी, लाखांचे इनाम, चितपटीची एक आरोळी हे सारे मातीतच मिळत होते. ऑलिंपिकची गादी लांब होती आणि तिच्यावर इनाम नव्हते. दिल्ली-हरियाणातील आखाड्यांनी ती आधी आपलीशी केली. भारताला कुस्तीतील पुढचे ऑलिंपिक पदक मिळाले ते २००८ मध्ये बीजिंगला, दिल्लीच्या सुशीलकुमारमुळे. खाशाबांच्या पदकाला तेव्हा ५६ वर्षे झाली होती. कोणत्याही खेळातील वैयक्तिक पदकासाठीदेखील देशाला ४४ वर्षे वाट पाहावी लागली, तेव्हा १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसचे कांस्य जिंकले. त्या दिवशी अनेक वाचकांना खाशाबांचे नाव वृत्तपत्रातल्या एका चौकटीतून प्रथमच कळले.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत खाशाबांना सहभागी करून घेण्यात आले. त्यांच्या हयातीतील मोठ्या सरकारी सन्मानांची यादी जवळपास येथेच संपते. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर तेवीस वर्षे खाशाबा हयात होते, त्यांचा विचार झाला नाही. पद्म पुरस्कारही नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न. निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

नंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. राज्याचा १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात उभारलेल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. पुढे राज्य सरकारने हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले. नावे देण्यात आपला हात कधी आखडता नसतो.

गोळेश्वरातील कुस्ती संकुलाची कहाणी मात्र वेगळी आहे, आणि तिचा एक धागा खानदेशात येतो. खाशाबांच्या नावे राष्ट्रीय दर्जाची कुस्ती प्रबोधिनी उभारण्याची घोषणा तत्कालीन क्रीडामंत्री दिलीप देशमुख यांनी केली ती २००९ मध्ये, जळगावच्या कुस्ती स्पर्धेत. डिसेंबर २०१३ मध्ये त्यासाठी १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. २०१७ उजाडले तरी काम उभे राहिलेले नव्हते. तेव्हा जाधव कुटुंबीयांनी जाहीर केले की, सरकारला जमत नसेल तर ऑलिंपिक पदकाचा लिलाव करून आम्ही प्रबोधिनी बांधू. पासष्ट वर्षांपूर्वी एका घराच्या गहाणखतावर मिळवलेले पदक पुन्हा पैशासाठी बाजारात मांडण्याची वेळ आली, ही बातमी देशभर गाजली.

ज्या जळगाव जिल्ह्यात ती घोषणा झाली, त्याच जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. कोल्हापूर-सांगलीची मक्तेदारी मानल्या गेलेल्या किताबावर खानदेशाने तीनदा नाव कोरले. चौधरी यांना नंतर पोलीस दलात थेट उपअधीक्षकपदी घेण्यात आले. खाशाबांनी ऑलिंपिक पदक घेऊन उपनिरीक्षकाच्या पायरीवरून नोकरीला सुरुवात केली होती. दोन्ही नेमणुकांत सहा दशकांचे अंतर आहे. मल्लाला नोकरी देताना सरकार आता थोडे वर पाहू लागले आहे, हे मान्य करायला हवे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन गोष्टी घडल्या. हरियाणाच्या अमन सेहरावतने कुस्तीत ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. वजनही तेच, पदकही तेच. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात, कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला खाशाबांनंतर ७२ वर्षे लागली. कुसाळे मध्य रेल्वेत पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. पदकाच्या पाठोपाठ रेल्वेने त्याची बढती जाहीर केली.